बाराच्या चोवीस रांगा

सराव परीक्षेत सोल्वायला अठ्ठ्याऐंशी टक्के पडले, आणि तेही स्वेटरची बाही विणता विणता. व्हिबेके शेजारच्याच टेबलाशी बसलेली, त्यामुळे तिला हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघावं लागलं. कानात इअरफोनची बटणं, समोर पडद्यावर प्रश्न, हातात सुया. दोन टाके घालायचे, उत्तरावर टिचकी मारायची, पुन्हा दोन टाके. शेवटी आकडा झळकला तेव्हा सोल्वाय फक्त "अय्या!" म्हणाली आणि निसटलेला टाका उचलायला लागली.

व्हिबेकेला चार रंगांची पेनं, दोन जाड वह्या आणि सहा आठवड्यांच्या पहाटा घालवून एकाहत्तर पडले होते. पास व्हायला सत्तर लागतात. एका टक्क्याला लोंबकळणाऱ्या माणसाने शेजारच्या अठ्ठ्याऐंशीकडे कोणत्या तोंडाने बघायचं, हे कुठल्याही अभ्यासक्रमात शिकवत नाहीत.

"अभिनंदन," ती म्हणाली.

"अगं, कसलं अभिनंदन! निम्मी उत्तरं तुझ्या वहीतलीच होती," सोल्वाय म्हणाली. "पुस्तकापेक्षा तुझं अक्षर जास्त कळतं मला."

वही व्हिबेकेनेच दिली होती. नाही म्हणायला कारण लागतं, आणि 'तू माझ्यापेक्षा हुशार आहेस' हे कारण माणूस दुसऱ्याला काय, स्वतःलाही सांगत नाही. पोरगी जरा खडूस असती तर बरं झालं असतं. एकोणतीस वर्षांची, बर्फातून सायकल हाणत लालबुंद गालांनी यायची, सगळ्यांसाठी कॉफी ठेवायची, जे कळलं नाही ते भर बैठकीत बिनदिक्कत विचारायची. आणि साहेबाला, म्हणजे फ्लेमिंगला, तिच्या त्या विचारण्याचंच कोण कौतुक! व्हिबेकेने अठरा वर्षांत एकदाही 'मला कळलं नाही' म्हटलं नव्हतं. तिला वाटायचं, पगार त्याचाच मिळतो.

ओस्टरलुंडमध्ये घर तापवायला कुणी घरात काही जाळत नाही. गावाबाहेर पाणी तापतं, जमिनीखालच्या नळांतून घरोघर फिरतं आणि गार होऊन परत येतं. प्रत्येक घरातलं मीटर दर पाच मिनिटांनी, आणि पाणी जोरात वाहिलं की त्याहूनही लवकर, कळवतं, पाणी किती गरम आलं, किती गार गेलं, किती वाहिलं. नऊ हजार घरांची ही अखंड बडबड कंपनीत ऐकायची, कुठे तुंबू द्यायची नाही, हरवू द्यायची नाही, हे व्हिबेकेचं काम. पूर्वी त्यासाठी तळघरात यंत्रं होती. कुठलं आजारी आहे ते ती जिन्यातूनच पंख्याच्या आवाजावरून ओळखायची. गेल्या वर्षी ती यंत्रं भंगारात गेली आणि बडबड क्लाउडमधून वाहायला लागली. यंत्रं परक्यांची, कुठे आयर्लंडला ठेवलेली. त्यांची देखभाल त्यांचे लोक करणार. आपण इथे बसून पडद्यावरून राखण करायची. तळघरात आता सायकली ठेवतात.

जानेवारीत फ्लेमिंगने तिघांना बोलावून सांगितलं होतं. क्लाउडमधला हा डेटाचा प्रवाह चालवण्याची एक परीक्षा असते, मार्चमध्ये ती द्यायची. नंतर तो एकाला प्रवाहप्रमुख करणार होता. प्रवाहात कुणी काहीही बदलायचं म्हटलं तरी शेवटी त्या माणसाच्या नजरेखालून जाणार.

तिघांतला तिसरा प्रेबेन. एकोणसाठ वर्षांचा, डब्यात रोज काळा पाव आणि त्यावर लिव्हरचा लगदा, नजर कायम खिडकीबाहेरच्या वाऱ्यावर. "मला यातून वगळा रे बाबांनो," तो म्हणाला. "मे महिन्यात माझी होडी पाण्यात उतरायचीय. मी परीक्षेला बसलो तर तिला रंग कोण देणार?" सगळे हसले. प्रेबेनला स्पर्धक समजावं असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही, व्हिबेकेच्या तर नाहीच नाही.

ते पद तिला हवं होतं. सरळ सांगायचं तर फार हवं होतं. तळघर गेल्यापासून ऑफिसात आपण नेमक्या कोण, हे तिला रोज सकाळी नव्याने ठरवावं लागत होतं.

त्या सराव परीक्षेतला एकच प्रश्न असा होता, की जो व्हिबेकेला आला आणि सोल्वायला चुकला. तेवढ्या एका प्रश्नावर व्हिबेकेने दोन दिवस काढले. मनातल्या मनात तो ती पुन्हा पुन्हा काढून बघायची आणि गालातल्या गालात हसायची.

प्रश्न रांगांचा होता. मीटरांची बडबड एका प्रवाहात येत असली तरी आत तिच्या रांगा पाडलेल्या असतात; त्यांच्या प्रवाहात बारा होत्या. एका घराच्या नोंदी नेहमी एकाच रांगेत लागतात, म्हणून आधीची आधी आणि नंतरची नंतर वाचली जाते. रांगा तुंबायला लागल्या की वाढवाव्याशा वाटतात. पण वाढवल्या की घरांची वाटणी नव्याने होते. एखाद्या घराच्या जुन्या नोंदी जुन्या तुंबलेल्या रांगेत ताटकळत राहतात आणि नव्या नोंदी नव्या मोकळ्या रांगेतून पुढे निघून जातात. उलटसुलट होतं सगळं. आणि एकदा वाढवलेल्या रांगा कमी करता येत नाहीत. सोल्वायने तिथे, व्हिबेकेच्या डोळ्यांदेखत, बेधडक टिचकी मारली होती: रांगा वाढवणं केव्हाही सुरक्षित.

तिने नंतर आपली चुकलेली उत्तरं तपासलीसुद्धा नाहीत. अठ्ठ्याऐंशी पडल्यावर कोण तपासतं?

फेब्रुवारीत कडाका पडला. पारा शून्याखाली सात. सकाळी सगळं गाव एकदम उठून अंघोळीला शिरलं की रांगा तुंबायच्या, नोंदी वीस-वीस मिनिटं मागे पडायच्या. फ्लेमिंगने हे काम सोल्वायकडे दिलं, व्हिबेकेला विचारलंसुद्धा नाही. व्हिबेकेच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने तो कॉफीबरोबर गिळला.

मंगळवारी दहाच्या सुमाराला सोल्वायचा बदल तिच्या पडद्यावर आला. कंपनीत नियमच होता: एकाने बदल लिहायचा, दुसऱ्याने वाचायचा, पटला तर खाली अंगठा उमटवायचा, मगच तो लागू. वाचणारा कोण ते लिहिणाऱ्याने निवडायचं. सोल्वायने व्हिबेकेला निवडलं होतं आणि वर लिहिलं होतं, "बघशील ना ग? तुझ्या नजरेतून काही सुटत नाही."

बदल एका ओळीचा होता. रांगा: बारावरून चोवीस. वेळ: उद्या सकाळी साडेसात.

व्हिबेकेला एका नजरेत कळलं. साडेसात म्हणजे तुंबण्याची ऐन वेळ. तिने टिप्पणीच्या चौकटीत लिहायला सुरुवात केली. "थांब. असं केलंस तर एकाच घराच्या नोंदी दोन रांगांत जातील, आणि मागची पुढे..."

तेवढ्यात कॉफीच्या यंत्राकडून फ्लेमिंगचा आवाज आला. "सोल्वाय, तू असं करत राहिलीस तर मला निवड करायची गरजच उरणार नाही!" आणि सोल्वायचं ते मोकळं हसू.

थट्टाच होती. फ्लेमिंग थट्टा करतो, त्याला दुसरं काही येत नाही. पण व्हिबेकेच्या कानाशी ती थट्टा म्हणून पोचलीच नाही. अठरा वर्षं, ती मनात म्हणाली, अठरा वर्षं मी या गावाला गार पडू दिलं नाही आणि मला कुणी कॉफीच्या यंत्राजवळ असं कधी म्हटलं नाही.

लिहिलेलं तिने एकेक अक्षर करत पुसलं. मग मनाची समजूत घालायला बसली. आपण काही शाळामास्तरीण नाही. परीक्षेची तयारी ज्याची त्याने करायची. कदाचित काही होणारही नाही. झालं तर दहा-बारा घरांच्या नोंदी मागेपुढे होतील, संध्याकाळपर्यंत निस्तरता येईल, आणि फ्लेमिंगला एकदाचं दिसेल की सुया हलवण्यात आणि काम जाणण्यात फरक असतो. एवढीच तिची इच्छा होती. तिने अंगठा उमटवला.

"झालं इतक्यात?" सोल्वायने टेबलावरून मान वर काढून विचारलं.

"झालं की."

"काही नाही सापडलं?"

"एका ओळीत काय सापडणार?" व्हिबेके म्हणाली.

सोल्वाय क्षणभर तिच्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "थँक्स हं."

त्या दिवशी जेवताना व्हिबेकेच्या नवऱ्याने, योर्नने, तिच्या पानात खिम्याचे गोळे वाढत विचारलं, "आज सोल्वायने काय केलं?"

"मला काय ठाऊक? मी काय तिच्यावर पाळत ठेवून असते?"

"नाही, रोज तिचं नाव निदान सात वेळा ऐकतो. आज एकदाही आलं नाही, म्हणून म्हटलं आजारी-बिजारी आहे की काय."

"बटाटे दे इकडे," व्हिबेके म्हणाली. फोन हाताशीच होता. 'उद्याचा बदल थांबव' असे तीन शब्द लिहायला किती वेळ लागतो? तिने बटाट्यांवर सॉस ओतला आणि फोन उलटा करून ठेवला.

बुधवारी साडेसातला रांगा चोवीस झाल्या. आठला गोंधळाला तोंड फुटलं.

नोंदींवर नजर ठेवणारा एक प्रोग्रॅम आहे. तो मागची नोंद आणि पुढची नोंद शेजारी ठेवून बघतो, आणि पाणी अचानक जास्त वाहिलेलं दिसलं की घरात गळती आहे असं धरून चालतो. त्या सकाळी त्याला साडेसातच्या नोंदीमागून सव्वासातची नोंद मिळत होती आणि अंघोळीच्या आधीचं घर अंघोळीच्या नंतर दिसत होतं. बिचाऱ्याला जागोजाग गळती दिसली. त्याने त्याचं काम चोख केलं. अकराशे चाळीस घरांना मेसेज गेला: आपल्या घरात गळती असण्याची शक्यता आहे. मुख्य व्हॉल्व्ह बंद करा आणि आमचा माणूस येईपर्यंत उघडू नका.

आणि लोकांनी बंद केले! जगात दुसरीकडे कुठे असा मेसेज आला असता तर लोकांनी आधी जमिनीला हात लावून बघितला असता, शेजाऱ्याला हाक मारली असती, निदान दोन शिव्या हासडल्या असत्या. ओस्टरलुंडकर तळघरात उतरले, व्हॉल्व्ह फिरवला, कोट चढवून स्वयंपाकघरात येऊन बसले आणि माणसाची वाट बघू लागले. कंपनीने सांगितलं म्हणजे बरोबरच सांगितलं असणार. नऊच्या ठोक्याला अकराशे घरं गारठत होती आणि कुणाचीही तक्रार नव्हती. 'वाट बघतोय' असं कळवणारे फोन तेवढे येत होते.

फ्लेमिंगची थट्टा त्या दिवशी बंद होती. दुसरा मेसेज गेला, 'व्हॉल्व्ह उघडा.' पण पहिल्यात माणूस येईपर्यंत उघडू नका असं असल्यामुळे निम्म्या लोकांनी दुसऱ्यावर विश्वास ठेवला नाही. शेवटी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी काढली आणि जो तो गाडी घेऊन निघाला. सोल्वायचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण हात भराभर चालत होते. आपली यादी संपल्यावर तिने प्रेबेनचीही अर्धी घेतली.

व्हिबेकेच्या यादीत आस्ता बुंडगोर नावाच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाई होत्या. त्यांनी दार उघडलं ते कोट, टोपी आणि हातमोज्यांसकट. घरात तोंडातून वाफ निघत होती.

"आलात का? या, या. तुमचा मेसेज आला आणि लगेच खाली जाऊन बंद केलं बघा. तो नळ फिरता फिरत नव्हता, दोन्ही हातांनी ओढला." त्यांनी मनगट पुढे केलं. ते सुजलं होतं. "बरोबर केलं ना मी?"

"हो," व्हिबेके म्हणाली. "अगदी बरोबर केलंत."

"बाई ग, जीव भांड्यात पडला. मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं म्हणून कुणी येत नाही."

तळघरात जाऊन व्हॉल्व्ह उघडताना व्हिबेकेला रडू आलं. पण तिथेही, खरं सांगायचं तर, रडता रडता तिच्या मनात आलं की आता फ्लेमिंगला फरक दिसला असेल. माणूस इतकंही वाईट असतं. आस्ताबाईंच्या मनगटाला पट्टी बांधून, त्यांच्या हातची कॉफी पिऊन ती ऑफिसात परतली तेव्हा रांगा ताळ्यावर आल्या होत्या. चोवीस त्या चोवीसच राहिल्या.

शुक्रवारी सोल्वायने चूककेक आणला. ऑफिसातला हा जुना रिवाज. ज्याच्या हातून घोळ होईल त्याने स्वतःच्या हाताने केक करून आणायचा, उभं राहून आपण काय चुकलो ते एकदा सांगायचं, सगळ्यांनी खायचं. केक संपला की विषय संपला; बदल कुणी वाचला होता हेही मग कुणी शोधत नाही. त्यानंतर त्या चुकीचं नाव काढणारा माणूस उभ्या कंपनीत हलका ठरतो. प्रेबेनने एकदा सबंध कारखान्याची वीज घालवली होती. त्याच्या केकची अजून स्तुती होते, विजेबद्दल कुणी ब्र काढत नाही.

सोल्वायने खोबऱ्याचा आणला होता, वर करपलेल्या साखरेचा थर असलेला. ती उभी राहिली. "रांगा वाढवल्या की नोंदींचा क्रम मोडतो, हे मला माहीत असायला हवं होतं. नव्हतं. लोक गारठले. मला फार वाईट वाटतंय."

"पण वाचणारंही कुणीतरी होतंच की," फ्लेमिंग म्हणाला आणि त्याने खोलीभर नजर फिरवली.

व्हिबेके बशीवरची नक्षी बघायला लागली.

"बदल माझा होता," सोल्वाय केक कापत म्हणाली. "म्हणून केकही माझा. कुणाला कडेचा तुकडा हवाय?"

व्हिबेकेने दोन तुकडे खाल्ले. एक खाऊन थांबली असती तर कुणाला शंका आली असती असं तिला उगीचच वाटलं.

पुढच्या दिवसांत सोल्वायने वही मागणं बंद केलं. कॉफी ठेवायची ती सगळ्यांसाठीच ठेवायची, पण व्हिबेकेच्या टेबलाशी रेंगाळायची नाही. व्हिबेकेला वाटलं, पोरगी खचली. थोडी कीव आली आणि बरंच बरं वाटलं. त्या बऱ्या वाटण्याच्या भरात तिचा अभ्यासही चांगला झाला.

परीक्षा मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, आपापल्या घरून, कॅमेऱ्यासमोर. खोलीत दुसरं माणूस नको, टेबलावर कागद नको, भिंतीवर कॅलेंडर नको. पलीकडून एका अनोळखी आवाजाने व्हिबेकेला संगणक उचलून टेबलाखालची जमीन दाखवायला लावली. मग साठ प्रश्न, नव्वद मिनिटं. एक्केचाळिसावा रांगांचा होता. 'चालू प्रवाहात रांगा वाढवल्यास काय होईल?' चार उत्तरांतलं तिसरं बरोबर होतं आणि ते तिला जन्मात विसरता येणार नव्हतं. तिने टिचकी मारली. समोर उत्तर नाही, एक सुजलेलं मनगट दिसत होतं.

एकोणऐंशी. पास. आनंदाच्या दिवशी लावतात तसा योर्नने दारात झेंडा लावला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात कळलं, सोल्वायला त्र्याण्णव. इतकं सगळं होऊनही त्र्याण्णव! आठवडाभर म्हाताऱ्यांच्या घरी फोन करून 'घर तापलं ना' विचारत होती ती, मग अभ्यास केला कधी? बहुतेक विणता विणताच.

सोमवारी फ्लेमिंगने व्हिबेकेला आत बोलावून दार लावून घेतलं. "आकडे म्हणजे सगळं नव्हे," तो म्हणाला. "मला तिथे असं माणूस हवंय की ज्याच्या नजरेतून... म्हणजे, अनुभवाचं. तू प्रवाहप्रमुख. एक तारखेपासून."

फेब्रुवारीचं नाव त्याने काढलं नाही. कसं काढणार? केक खाऊन झाला होता. पण ते दोघांच्या मधोमध टेबलावर ठेवल्यासारखं दिसत होतं, आणि त्या घोळानेच तिला हे पद दिलं होतं हे दोघांनाही कळत होतं.

व्हिबेके बाहेर आली ती हवेतच. तासाभराने सोल्वाय तिच्या टेबलाशी आली.

"मनापासून अभिनंदन," तिने हात पुढे केला. "तुझ्या हाताखाली काम करायला माझी काहीच हरकत नाही. तुला माझ्यापेक्षा जास्त येतं."

"अगं, त्र्याण्णव तुला आहेत."

"हो. पण एक विनंती आहे. माझे बदल तू वाचू नकोस. मी ते प्रेबेनला पाठवत जाईन. फ्लेमिंगला तू काहीही कारण सांग, मी मान हलवीन."

व्हिबेके हसली. "प्रेबेनला? त्याला वाऱ्याची दिशा सोडून काय कळतं? आणि मी का नको?"

सोल्वायने इकडेतिकडे पाहिलं. जवळ कुणी नव्हतं. तिचा आवाज चढला नाही, उलट अवघडल्यासारखा खाली आला.

"त्या मंगळवारी मी कॉफीकडून परत आले तेव्हा माझ्या पडद्यावर 'व्हिबेके लिहीत आहे' असं येत होतं. मला वाटलं, काहीतरी सापडलंय तुला. मी वाट बघत बसले. मग ते गेलं आणि अंगठा आला. म्हणून मी तुला विचारलं, काही सापडलं नाही का? आठवतं?"

व्हिबेके टेबलावरची पेनं एका ओळीत लावायला लागली.

"सुरुवातीला मला वाटलं, तू नमस्कार-चमत्कार काहीतरी लिहीत असशील. मग तो घोळ झाल्यावर मी माझ्याकडची तुझ्या वहीची प्रत बाहेर काढली आणि तुझ्या अक्षरात ते पान निघालं. रांगा वाढवू नयेत, तीन कारणं, लाल पेनाने खाली रेघा." सोल्वायने खांदे उडवले. "बुधवारी संध्याकाळी काढली ग. आधी काढायला हवी होती, तीही माझीच चूक."

"सोल्वाय, मी..."

"नको. केक खाऊन झालाय. मी कुणाला काही बोलले नाही, बोलणारही नाही. फक्त मला भीती वाटते. मी एखादी ओळ लिहिली आणि तू अंगठा दिलास, तर तो खरा कसा मानू?"

ती आपल्या जागेवर गेली आणि कानात बटणं घातली.

व्हिबेकेने समोरचा पडदा बंद केला. मग उठून फ्लेमिंगच्या दाराशी गेली. या वेळी ती खरंच सांगायला गेली होती, हे तिच्या बाजूने नोंदवायला हवं.

"फ्लेमिंग, ती फेब्रुवारीतली चूक होती ना, त्याबद्दल मला..."

फ्लेमिंगने हात वर केला. "केक खाल्लाय आपण."

"तसं नाही रे, ऐकून तर घे. मी तेव्हा..."

"व्हिबेके, तू आता प्रमुख आहेस, जुनं उकरून पोरीला लाजवू नकोस. मला कळतंय तुला तिची काळजी वाटते. पण आपल्याकडे केक खाल्ला की विषय संपतो." आणि तो कौतुकाने हसला.

आणखी एक वाक्य. 'तिचं नाही, माझं सांगतेय.' एवढंच बोलायचं होतं. व्हिबेके दारात उभी राहिली आणि तिला जाणवलं की आपल्याला हायसं वाटतंय. त्या हायसं वाटण्याची तिला इतकी लाज वाटली की तिने दार हळूच ओढून घेतलं.

एक तारखेपासून ती प्रवाहप्रमुख झाली. जागा खिडकीजवळची मिळाली, पडदे दोन मिळाले. फ्लेमिंगला तिने सांगितलं की सोल्वायचे बदल प्रेबेन वाचेल, तेवढंच त्यालाही शिकायला मिळेल. फ्लेमिंग म्हणाला, "किती विचार करतेस ग सगळ्यांचा!"

सोल्वायचे बदल प्रेबेनचा अंगठा घेऊन लागू होत राहिले. व्हिबेके ते नंतर एकटीच उघडून शब्द न् शब्द वाचायची. चूक शोधायची नाही तर कशासाठी वाचायची, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. एप्रिल सरत आला तरी एकही सापडली नाही.

मग एका सकाळी मागच्या टेबलाकडून प्रेबेनचा आवाज आला. "ए सोल्वाय, इकडे ये जरा. मला यातलं फार कळत नाही, होडीवाला माणूस मी. पण इथे तू जुन्या नोंदी सात दिवस ठेवायच्या म्हणतेस आणि खाली सात तास लिहिलंयस. माझंच डोकं फिरलंय का?"

खुर्ची सरकल्याचा आवाज. मग सोल्वाय इतकी मोठ्याने हसली की कॉफीच्या यंत्रापाशी उभा असलेला फ्लेमिंगही वळला.

"अरे देवा! प्रेबेन, सगळ्या नोंदी गेल्या असत्या रे माझ्या!" तिने त्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बरं झालं सांगितलंस."

प्रेबेन लाजला. डबा उघडून त्याने तिला आपला अर्धा पाव देऊ केला.

व्हिबेकेने मान वळवली नाही. समोरच्या पडद्यावर तिच्याच नावाखाली नऊ हजार घरं सुखरूप बडबडत होती, आणि तिला त्या होडीवाल्या प्रेबेनचा असा हेवा वाटत होता, की तसा तिला आजवर सोल्वायचासुद्धा कधी वाटला नव्हता.